यवतमाळ, युटा आणि उपडी परात

चला, या आठवड्यात एक छोटं क्विझ. गुगल करायचं नाही, एआयला विचारायचं नाही, आधीच सांगून ठेवते!

पहिला आकडा 27,63,885. दुसरा आकडा 27,72,348. दोन्ही लोकसंख्येचे. फरक किती? जेमतेम साडेआठ हजारांचा. पहिला आहे अमेरिकेतल्या युटा राज्याचा, 2010 च्या जनगणनेतला. आणि दुसरा... सांगा बघू?

दुसरा आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा. 2011 च्या जनगणनेतला.

हे क्विझ मी ऑफिसच्या लंच टेबलवरही टाकून पाहिलं. युटाबद्दल चिक्कार माहिती निघाली. सॉल्ट लेक सिटी, 2002 चं विण्टर ऑलिम्पिक, 'युटा जॅझ' ही बास्केटबॉल टीम. एकाने तर ऑनसाइट असताना तिथल्या आर्चेस नॅशनल पार्कमध्ये काढलेले फोटोच दाखवले. मग गाडी यवतमाळवर आली. दोन सेकंद शांतता. मग एक जण हळूच म्हणाला, ''ते... फार्मर सुइसाइडवालं ना?''

बस्स. सत्तावीस लाख बहात्तर हजार माणसं, आणि ओळख एकच.

मी यवतमाळ जिल्ह्यातली. बारावीपर्यंत तिकडे, मग कॉलेज, नोकरी, फ्लॅटचा ईएमआय वगैरे सगळं पुण्यात. त्या टीममेटचा मला राग आला नाही, कारण तो खोटं काहीच बोलला नव्हता. शासन 2001 पासून या आत्महत्यांची नोंद ठेवतंय आणि जिल्ह्याचा आकडा हजारांत आहे. पण त्याचा पुढचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. ''तिकडे पाऊसच पडत नाही ना?''

या एका प्रश्नासाठी आजचा कॉलम. नवं रेस्टॉरण्ट नाही, सिनेमा नाही. भूगोल! शाळेत ऑप्शनला टाकलेला विषय. पानं उलटू नका प्लीज.

माणसं कुठे राहतात?

आधी आकारमान. युटा साधारण 2 लाख 20 हजार चौरस किलोमीटरचं. यवतमाळ साडेतेरा हजार. म्हणजे युटाच्या पोटात सोळा यवतमाळ आरामात मावतील. माणसं तेव्हा तेवढीच, जागा सोळा पट. त्यामुळे 2010-11 च्या हिशेबाने युटात एका चौरस किलोमीटरला 13 माणसं आणि यवतमाळात 204.

पण खरी गंमत पुढे आहे. युटाची एवढी जागा बहुतांश रिकामीच. जवळपास दोन तृतीयांश जमीन अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या मालकीची. वाळवंट, लाल दगडांचे डोंगर, कॅन्यन. आणि पाचातली चार माणसं वासाच डोंगरांच्या पायथ्याशी एका लांबट पट्ट्यात दाटीवाटीने राहतात. सॉल्ट लेक सिटी त्याच पट्ट्यातली.

आमच्याकडे बरोब्बर उलटं. दहातले जवळपास आठ जण खेड्यात. सोळा तालुके आणि त्यांत विखुरलेली गावं, बंजाऱ्यांचे तांडे, कोलामांचे पोड. हो, कोलामांच्या वस्तीला 'पोड' म्हणतात. जिल्ह्यात साधारण साडेअठरा टक्के लोक आदिवासी आहेत. गोंड, आंध, परधान आणि कोलाम. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात, आणि त्यांची कोलामी भाषा तेलुगू-कन्नडच्या द्राविडी घराण्यातली. आठवडी बाजारात दहा मिनिटं नुसतं उभं राहिलं, तर वऱ्हाडी, बंजारा, गोंडी आणि दखनी वळणाची उर्दू कानावर पडते. पांढरकवड्याच्या पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगण सुरू, त्यामुळे वर तेलुगूची फोडणी!

इथे एक बारीक टीप : 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे यवतमाळचा अधिकृत आकडा अजून 2011 चाच. युटा मात्र 2020 मध्ये 32,71,616 वर पोचलं. ते का, त्यावर येतेच.

उपडी परात

आता नकाशा. तुमच्या घरात कणीक मळायची परात असेल (नसेल तर आईला विचारा). ती ओट्यावर उपडी ठेवा. मध्ये उंच, कडेला उतार. अगदी तंतोतंत नाही, थोडी चेपलेली, वाकडीतिकडी. पण यवतमाळ जिल्हा साधारण असा आहे.

यवतमाळ शहर पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर. तिथून वणीकडे, वर्धा नदीच्या काठाला उतरलात, की उंची जवळजवळ निम्मी होते. जिल्ह्याच्या दोन मोठ्या नद्या कुठे आहेत बघा. वर्धा ईशान्येच्या कडेने वाहते आणि पैनगंगा दक्षिणेच्या. दोघीही सीमेवर! जिल्ह्याच्या आतल्या नद्या या दोघींना जाऊन मिळतात. बेंबळा वर्धेला, अडाण, अरुणावती आणि पूस पैनगंगेला. शेवटी आग्नेयेच्या कोपऱ्यात पैनगंगा वर्धेला मिळते आणि सगळं पाणी तिथून प्राणहिता, मग गोदावरी, मग थेट बंगालचा उपसागर.

थोडक्यात काय, उपड्या परातीवर पाणी ओता. कडेने ओघळून जाईल. मध्यभागी थांबणार नाही.

ही परात लाव्हारसाची. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जे ज्वालामुखी भडकले, त्यांचा काळा बेसाल्ट इथेही पसरलाय. 2021 मध्ये शिबला-पार्डी इथे रस्त्याच्या कामात बेसाल्टचे षटकोनी खांब सापडले. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर त्याच जातकुळीचे. पूर्वेला वणीच्या बाजूला मात्र खडक बदलतो आणि कोळसा लागतो, म्हणून तिथे खाणी.

बेसाल्ट झिजून काळी माती झाली. नद्यांच्या खोऱ्यात ती खोल, भारी. पावसात फुगते, ओल धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पठारावर आणि उतारावर मात्र मातीचा थर पातळ. खाली लगेच मुरूम. अशा जमिनीला आमच्याकडे 'बरड' म्हणतात. खोल काळ्या रानात कपाशी पावसाचा खंड बऱ्यापैकी सोसते. बरड वावरात आठ-दहा दिवसांतच माना टाकते. आणि कपाशी दोन्हीकडे लावलेली असते!

कूलरची गोष्ट

मे महिन्यात पारा 42 ते 44 वर. वणीकडे तर विचारूच नका. पुण्यात एसीची सवय झालेल्यांना सांगते, विदर्भातला खरा हिरो कूलर. पत्र्याचा भलामोठा डबा, तिन्ही बाजूंना ताट्या, आत पाण्याची टाकी. हवा कोरडी असल्यामुळे पाण्याची वाफ झटपट होते आणि खोली थंडगार. युटातही हवा कोरडी, त्यामुळे तिथल्या कितीतरी घरांत हेच यंत्र आहे. 'स्वॅम्प कूलर' म्हणतात त्याला. दोन्हीकडे पाण्याची वाफ करून घर गार करायचं... आणि दोन्हीकडे उन्हाळ्यात पाण्याचीच बोंब!

आता त्या प्रश्नाकडे. तिकडे पाऊस पडत नाही ना?

युटा हे अमेरिकेतलं दुसऱ्या क्रमांकाचं कोरडं राज्य. वर्षाला सरासरी तीनशे-साडेतीनशे मिलिमीटर पाऊस आणि बर्फ मिळून. पुणे शहरात साधारण सातशे-साडेसातशे. आणि यवतमाळात? नऊशे ते अकराशे मिलिमीटर!

परत वाचा. पुण्यापेक्षा जास्त. युटाच्या जवळपास तिप्पट.

मग भानगड कुठे आहे? पाणी पडतं किती, यापेक्षा ते थांबतं कुठे, यात. युटाचं बहुतेक पाणी डोंगरावर बर्फ होऊन बसतं आणि वसंतात हळूहळू वितळून खाली येतं. निसर्गाने दिलेली फिक्स्ड डिपॉझिटच म्हणा ना. 1847 मध्ये मॉर्मन लोक तिथे पोचले ते जुलैमध्ये, आणि पोचल्या पोचल्या पहिलं काम काय केलं? ओढ्याचं पाणी वळवून जमीन भिजवली. तिथली शेती पहिल्या दिवसापासून पाटावरची.

पुण्याचंही तसंच. आपण शॉवरखाली उभे राहतो ते पुण्यात पडलेल्या पावसावर नाही. सह्याद्रीत पडलेला पाऊस पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासल्यात साठतो, तो आपल्या नळाला येतो.

यवतमाळच्या डोक्यावर ना बर्फ, ना सह्याद्री. वर्षाच्या पावसातला बहुतांश वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, तोही सलग नाही. दोन दिवसांत धो धो, मग पंधरा दिवस आभाळ कोरडं. बेंबळा, पूस, अरुणावती यांच्यावर धरणं आहेत; पण बहुतांश शेती कोरडवाहूच. म्हणजे ज्या दिवशी पाणी पाहिजे, त्या दिवशी ते आभाळातूनच यायला पाहिजे.

थांबू का पेरू?

माझा चुलतभाऊ दारव्ह्याकडे शेती करतो. आठ एकर कपाशी, मध्ये तुरीची तासं. जून लागला की त्याचा फोन ठरलेला.

''ताई, तुया मोबाइलवर पान्याचं काय दाखवते?''

''आठ दिवस थांब म्हणतंय रे.''

''आठ दिवस थांबलो आन् उद्याच आला तं?''

याला उत्तर नाही. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. सल्ला एकदम बरोबर. पण पेरणी उशिरा झाली, तर शेवटच्या पावसाचा फायदा कपाशीला मिळत नाही आणि बोंडं भरत नाहीत. घाई केली आणि पावसाने दडी मारली, तर सरकी जमिनीतच भाजून निघते. मग दुबार पेरणी. एकरी दोन पाकिटं, पाकिटाला आठ-नऊशे रुपये. आठ एकरांचे तेरा-चौदा हजार नुसते बियाण्याचे. मजुरी, खत वेगळं. आणि हे पैसे बहुतेकांनी उसने आणलेले असतात. दुसऱ्यांदा पेरायचं तर दुसऱ्यांदा उसने.

आपण एसआयपी लावताना दहा ब्लॉग वाचतो. तो एका ढगाकडे बघून वर्षाचं भांडवल लावतो. सरासरी नऊशे मिलिमीटर ही त्याच्या काही कामाची नाही. त्याला हवे असतात जूनअखेरचे चार दिवस आणि ऑगस्टमधले दोन.

सरासरीच्या आत काय काय दडलेलं असतं, याचे तीन नमुने देते.

2017 चा पावसाळा कमी झाला आणि 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी पुरवणारे निळोणा आणि चापडोह हे दोन्ही जलाशय आटले. जिल्ह्याचं ठिकाण, आणि लोक टँकरमागे धावताहेत!

जुलै 2023 मध्ये एका रात्रीत इतका पाऊस कोसळला की महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या माणसांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाठवावी लागली. उन्हाळ्यात टँकर, पावसाळ्यात हेलिकॉप्टर.

तिसरा नमुना सर्वांत वाईट. पुन्हा 2017. कपाशी माणसाच्या खांद्याच्या वर गेलेली, किडीचा जोर, हवेत उकाडा आणि दमटपणा. शेतकरी आणि मजूर मास्क, हातमोज्यांशिवाय फवारणी करत होते. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं विषबाधेने गेली, शेकडो दवाखान्यात पोचली. उंच वाढलेल्या पिकात फवारा तोंडावर येतो आणि घामेजलेल्या अंगातून विष लवकर भिनतं. आपल्या टी-शर्टच्या लेबलवर 'हण्ड्रेड पर्सेण्ट कॉटन' लिहिलेलं असतं ना, त्याची ही दुसरी बाजू.

2006 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यातला मोठा वाटा सिंचनाचा होता. म्हणजे दुखणं कुठे आहे, हे दिल्लीलाही तेव्हाच कळलेलं होतं.

कोण येतं, कोण जातं

आता पुन्हा लोकसंख्या. 2010 ते 2020 या दहा वर्षांत युटा 18.4 टक्क्यांनी वाढलं. अमेरिकेत सर्वांत वेगाने. ते तिथलं सर्वांत तरुण राज्यही आहे. मोठी कुटुंबं हे एक कारण, आणि बाहेरून नोकरीसाठी येणारे हे दुसरं. सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला आयटी कंपन्यांचा पट्टाच झालाय, 'सिलिकॉन स्लोप्स' नावाचा.

यवतमाळ 2001 ते 2011 मध्ये साधारण 13 टक्क्यांनी वाढलं. त्याच काळात महाराष्ट्र 16 टक्क्यांनी. कारणं बरीच असतील, पण त्यातलं एक कारण हा कॉलम लिहितंय, आणि दुसरं कदाचित वाचतंय! संध्याकाळी यवतमाळहून सुटणाऱ्या पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये जरा डोकावून बघा. इंजिनीअरिंगची मुलं, नर्सिंगच्या मुली, चाकणला कॉन्ट्रॅक्टवर निघालेले आयटीआयवाले. डब्यात आईने दिलेल्या पोळ्या आणि ठेचा.

गंमत म्हणजे इथे रेल्वे आली ती माणसांच्या आधी कापसासाठी. 1903 ची यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज, आपली लाडकी शकुंतला. 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावायची. ती आता बंद आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या ब्रॉडगेजचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. गाडी यवतमाळच्या दिशेने निघाली तरी आहे, एवढं म्हणू.

आणि जिल्हा सोडून जाणारी फक्त माणसंच नाहीत बरं का! टिपेश्वर अभयारण्य ऐकलंय? पांढरकवड्याजवळचं, जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं सागवानी जंगल. तिथला एक तरुण वाघ 2019 मध्ये निघाला तो तेलंगणात शिरून, शेतं, रस्ते, गावं ओलांडत पार बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटरहून जास्त! रेडिओ कॉलरमुळे त्याचं पाऊल न् पाऊल नोंदलं गेलं. वनखात्याने आणि पेपरवाल्यांनी त्याला नाव दिलं 'वॉकर'. कशासाठी चालला? स्वतःची जागा, भक्ष्य, जोडीदारीण. आमच्या ट्रॅव्हल्समधल्या पोरांना विचारा, उत्तर फारसं वेगळं येणार नाही.

मग युटासारखं करायचं का?

पाटावर सगळं सोडवलं असं युटालाही म्हणता येत नाही. नद्यांचं पाणी शेतांकडे आणि शहरांकडे वळवता वळवता तिथलं ग्रेट सॉल्ट लेक आटत गेलं आणि नोव्हेंबर 2022 मध्ये त्याची पातळी नोंदींमधली सर्वांत खाली गेली. उघड्या पडलेल्या तळाची धूळ शहरावर उडेल, या भीतीने तिथले लोक हैराण आहेत. फक्त एक फरक आहे. तिथे पाणी कमी झालं की तलाव दिसतो, फोटो निघतात, जगभर बातमी होते. आमच्याकडे पाणी कमी पडलं की ते एकेका वावरात, एकेका घरात कमी पडतं. फोटो काढण्यासारखं तिथे काही नसतं.

उपडी परात सुलटी करता येत नाही. पण तिच्यावर वाट्या ठेवता येतात. माझ्या चुलतभावाने चार वर्षांपूर्वी वावराच्या खालच्या अंगाला शेततळं खणलं. अनुदान होतं, वर स्वतःचेही बरेच गेले. त्याने जिल्हा बदलला नाही. पण ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली की दोन-तीन एकरांना एक-दोन पाणी देण्यापुरतं ते पुरतं. मागच्या खंडात तेवढीच कपाशी हिरवी राहिली, बाकीची कोमेजली. ''तेवढ्यानं सावकाराचं व्याज भागलं,'' म्हणाला. मुद्दल? मुद्दल पुढच्या पावसावर.

तर मंडळी, दिवाळीनंतर एक लाँग वीकेण्ड काढा. वेचणी चालू असते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरंशुभ्र असतं. टिपेश्वरची सफारी आगाऊ बुक करा. पावसाळ्यात गेलात तर उमरखेडच्या बाजूला पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा बघा, मात्र पाण्यापासून लांबून. स्वेटर हिवाळ्यात लागेल, टोपी बाराही महिने.

आणि ऑफिसमध्ये कुणी यवतमाळचं भेटलं, की पहिल्यांदा ते नेहमीचं विचारू नका. जून असेल तर विचारा, ''पेरणी झाली का?'' ऑक्टोबर असेल तर, ''कापूस कसा आहे?'' समोरचा लॅपटॉप बाजूला सारून अर्धा तास बोलेल. कॉफीचं बिल तेवढं तुम्ही द्या!